टिंबाचे गाव

‘ध’ चा ‘मा’ ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? नारायणराव पेशव्यांना धरावे असे पत्रात होते, आणि कोणी तरी एका अक्षराची फिरवाफिरव करून ‘धरावे’ चे ‘मारावे’ केले, अशी ती आख्यायिका. १७७३ साली शनिवारवाड्यात जे घडले त्याला खरोखरच ते पत्र कारण झाले की नाही, हा वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. लोकांनी मात्र ही गोष्ट जिवापाड जपली. लिहिलेल्या एका खुणेवर माणसाचा जीव टांगलेला असू शकतो, ही गोष्ट लोकांना मनोमन पटलेली असते.

पण अक्षर बदलायला निदान कोणाचा तरी हात लागतो आणि त्या हातामागे वाईट बुद्धी लागते. मी ज्या खुणेविषयी लिहिणार आहे तिला एवढीही खटपट नको. ती जागची हलत नाही, पुसली जात नाही, तिच्यावर शाई सांडत नाही. वाचणाऱ्याचे गाव बदलले, की तिचा अर्थ आपसूक बदलतो. ही खूण म्हणजे दशांशचिन्ह.

साडेतीन हा आकडा आपण तीन, टिंब, पाच असा लिहितो. जर्मन माणूस तो तीन, स्वल्पविराम, पाच असा लिहितो: ३,५. बरे, टिंब त्याच्याकडे नाहीच असेही नाही. ते त्याने हजारांची फोड करण्याच्या कामाला लावले आहे. त्यामुळे कागदावर १.२३४ असे लिहिले असेल, तर पुण्याचा वाण्याचा मुलगा म्हणेल, ‘सव्वाला थोडे कमी,’ आणि स्टुटगार्टचा वाण्याचा मुलगा म्हणेल, ‘एक हजार दोनशे चौतीस.’ दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांमध्ये हजारपटीचे अंतर! स्वित्झर्लंडमध्ये हजारांच्या जागी वर एक लहानशी शेंडी काढतात. फ्रेंच लोक नुसती मोकळी जागा सोडतात. आणि आपण तर तीन आकड्यांनंतर दोन-दोनांच्या जोड्या पाडून लाख आणि कोटी मांडतो, ते पाहून परदेशी पाहुण्याचे डोळे फिरतात. आपला १,२३,४५६ हा आकडा त्याला स्वल्पविराम चुकल्यासारखा वाटतो.

हा घोळ झाला कसा? यात खलनायक कोणीच नाही. १५८५ साली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणित्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. व्यापारी, जमीन मोजणारे, नाणी पाडणारे अशा सामान्य माणसांना अपूर्णांकांच्या जाचातून सोडवावे, हा त्याचा हेतू. पण त्याने टिंबही वापरले नाही आणि स्वल्पविरामही नाही. प्रत्येक अंकाजवळ तो वर्तुळात ०, १, २ असे त्याचे स्थान लिहीत असे. लिहिणाऱ्याचा हात दुखायचा! पुढे लॉगॅरिथमवाल्या जॉन नेपिअरने १६१७ च्या आपल्या पुस्तकात मधे एकच खूण पुरे असे म्हटले, पण ती टिंबाची असावी की स्वल्पविरामाची, हे त्याने वाचकाच्या खुशीवर सोडले. खुशीवर सोडलेल्या गोष्टींचे जे होते तेच झाले. १६९८ साली लायब्निट्झने गुणाकारासाठी टिंब सुचवले, कारण गुणाकाराची फुली त्याला ‘एक्स’ अक्षरासारखी दिसे. युरोपच्या मुख्य भूमीवर टिंब असे गुणाकारात गुंतले आणि दशांशाला स्वल्पविराम उरला. इंग्लंडात टिंब दशांशालाच राहिले, आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या शाळांच्या फळ्यांवर आले.

त्याआधी आपल्याकडे काय होते? आपल्याकडे दांड्या होत्या. जुन्या मराठी चोपड्यांत पाच रुपये आठ आणे लिहायचे तर ५ च्या पुढे दोन उभ्या रेघा: ५।।. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, तीन म्हणजे पाऊण. श्लोकाच्या शेवटी येणारी दांडी हीच. म्हणजे भटजींच्या पोथीत जी दांडी ‘थांबा’ म्हणे, तीच वाण्याच्या चोपडीत ‘पाव’ म्हणे. आणि कोणाचाही गोंधळ होत नसे, कारण पोथी हाती आहे की चोपडी हे प्रत्येकाला दिसत असे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नये पैसे आले. पावकी-निमकी घोकलेल्या एका पिढीला एका रात्रीत टिंबापाशी यावे लागले. तिकडे १९६१ पूर्वीच्या गोव्यात शेवटची काही वर्षे पोर्तुगीज एस्कुदो चालत होता. पोर्तुगीज रिवाज तर याहून गमतीचा. डॉलरसारखे दिसणारे चलनाचे चिन्हच ते एस्कुदो आणि सेंटाव्हो यांच्या मधोमध घालीत, आणि तेच दशांशचिन्हाचे काम करी! सावंतवाडीहून म्हापशाला जाणाऱ्या माणसाने नुसती हद्द ओलांडली नाही, तर टिंबाचे गावही ओलांडले.

माणूस अशा हद्दी सहज ओलांडतो. तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो, मालाकडे पाहतो, आणि ‘एवढा महाग कसा असेल?’ असे स्वतःला विचारतो. यंत्राला तोंडे दिसत नाहीत. माझी नोकरीची सारी वर्षे संगणकांच्या खोलीत गेली, म्हणून हे मी जरा अधिकाराने सांगतो. संगणकाला प्रत्येक देशाचे रीतिरिवाज एका यादीत लिहून दिलेले असतात: तारीख कशी लिहावी, अक्षरांचा क्रम कोणता, रुपया आकड्याच्या आधी की नंतर, आणि दशांशचिन्ह कोणते. या रिवाजांच्या गाठोड्याला लोकेल म्हणतात. त्यातल्या आकड्यांच्या कप्प्याचे नाव एलसी-न्यूमेरिक. यंत्र कामाला लागताना हे गाठोडे उघडून पाहते. ते सापडले नाही, तर ‘सी’ नावाचा एक कोराकरकरीत रिवाज पाळते. त्यात टिंब म्हणजे दशांश, हजारांची फोड नाही, आणि कोणत्याही देशाचा पत्ता नाही.

हे सारे मला नुसते पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. त्याची किंमत काय असते ते आक्काच्या कागदाने शिकवले.

आक्का माझी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवण्यात तिचा जन्म गेला. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तिला रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. या गोळीचे एक असते. रक्त किती पातळ झाले ते आयएनआर नावाच्या आकड्याने वरचेवर मोजावे लागते. आक्काच्या डॉक्टरांनी तिला दोन ते तीन ही मर्यादा आखून दिली होती. दोनच्या खाली गेले तर रक्त गोठण्याचे भय, तीनच्या फार वर गेले तर रक्तस्रावाचे. म्हणजे तिचे सारे आयुष्य एका पूर्णांकाच्या घरात, आणि त्या घरातली हालचाल सगळी दशांशाची.

त्या वर्षी ती सहा महिने स्टुटगार्टला माझ्या भाचीकडे होती. तिथे घरच्या घरी बोट टोचून आकडा काढायचे लहानसे यंत्र होते. आक्काचा नातू, म्हणजे भाचीचा मुलगा, हौशी आणि कामसू. तो आजीचा आकडा एका फाइलीत जर्मन पद्धतीने लिहून ठेवी: ३,८ किंवा २,६. त्यावरून तारीखवार तक्ता करण्यासाठी त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती. शेल म्हणजे संगणकाशी लेखी आज्ञांनी बोलण्याची जागा, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्या आज्ञांची एकाखाली एक मांडलेली यादी. आपल्या घरी गौरीच्या सामानाची यादी असते ना, तशीच. फक्त वाचणारा अक्षरशः लिहिल्याप्रमाणे वागणारा! दर सोमवारी सकाळी तो तक्ता पुण्याला माझ्याकडे येई. आक्का परत आल्यावर तिच्या इथल्या डॉक्टरांना दाखवायचा, म्हणून मी तो छापून एका फायलीत लावीत असे.

आक्का आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे होते. मी फाईल तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला, पाने उलटली, आणि शाळेतला आवाज काढून म्हणाली, ‘‘अरे, हा कागद माझा नव्हे.’’

‘‘तुझाच आहे आक्का. वर तुझं नाव आहे.’’

‘‘नाव माझं असेल, पण बाई मी नव्हे. दोन, तीन, दोन, दोन, तीन... सगळे पूर्णांक! माझं रक्त काय पाढे म्हणत वाहतं?’’

तिने पिशवीतून आपली वही काढली. यंत्रावर जे दिसे ते ती नातवाबरोबर स्वतःही टिपून ठेवीत होती, आपल्या जुन्या सवयीने. शेवटच्या पंधरवड्यातल्या एका तारखेपुढे तिच्या वळणदार अक्षरात होते: ‘पावणेचारच्या किंचित वर.’ माझ्या कागदावर त्याच तारखेला होते ३.०. मर्यादेच्या उंबरठ्यावर, पण आत. वहीतला आकडा उंबरठ्याच्या चांगलाच बाहेर होता.

नातवाला फोन लावला. तो बिचारा घाबरला. त्याने लगेच आपली स्क्रिप्ट चालवून पाहिली आणि म्हणाला, ‘‘मामाआजोबा, माझ्याकडे तर बरोबर येतंय! तीन, स्वल्पविराम, आठ.’’

मग मी फाईल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली आणि कोडे सुटले. पहिल्या काही आठवड्यांच्या कागदांवर स्वल्पविराम होता आणि त्याच्यापुढे खरेखुरे दशांश होते. मधल्या एका सोमवारपासून स्वल्पविराम जाऊन टिंब आले होते, आणि टिंबापुढे कायमचे शून्य! त्याच सुमारास काय झाले ते नातवाने सांगितले. त्याची परीक्षा जवळ आली, म्हणून ते काम त्याने क्रॉनवर सोपवले. क्रॉन हा संगणकातला रात्रपाळीचा रखवालदार. ठरल्या वेळी ठरलेले काम करतो.

दिवसा नातू स्वतः बसे तेव्हा त्याच्या खिडकीत जर्मन रिवाजाचे गाठोडे उघडे असे. आकडा ठरावीक साच्यात छापण्याची प्रिंटएफ नावाची आज्ञा ३,८ पाही आणि त्याला साडेतीनच्या वरचा आकडा म्हणून मान देई. रात्री क्रॉन उठे तो मोकळ्या हातांनी. त्या यंत्रावर त्याला गाठोडे दिलेलेच नव्हते. मग कोरा ‘सी’ रिवाज. तीच आज्ञा, तोच आकडा. पण आता स्वल्पविराम हा परका. प्रिंटएफने तीन वाचले, स्वल्पविरामापाशी ती अडखळली, ‘हा आकडा अवैध आहे’ अशी तक्रार केली, आणि तरीही हातात आलेले तीन घेऊन ३.० छापून मोकळी झाली.

तक्रार केली होती, हे लक्षात घ्या. पण कोणी ऐकायला नव्हते. शेलमध्ये तक्रारींची वाट निराळी असते, आणि ती वाट वळवून नुसत्या पोकळीत सोडता येते. मागे कधी तरी कसलीशी फुटकळ सूचना सारखी येत होती, तिला कंटाळून नातवाने ती तशी सोडली होती. घराघरांत हेच होते. कुरकुर फार झाली की आपण कान बंद करतो, आणि मग ज्या दिवशी खरी हाक येते त्या दिवशीही कान बंदच असतात.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी छापील कागद बाजूला ठेवला, आक्काची वही पुढे ओढली, पुन्हा रक्त तपासून घेतले आणि गोळीची मात्रा कमी केली. एवढेच झाले. पण एवढेच झाले ते वहीमुळे, हा विचार माझ्या मनातून जाईना.

मग मी आणि नातू फोनवर बसून त्या स्क्रिप्टच्या मागे लागलो. दशांशाच्या बाबतीत शेलच्या गोतावळ्यातली मंडळी किती तऱ्हेवाईक आहेत ते तेव्हा नीट दिसले. बॅश नावाच्या प्रसिद्ध शेलला स्वतःचे गणित फक्त पूर्णांकांचे येते. त्याला ३.८ दिले तर तो व्याकरण चुकले म्हणून रागावतो, ते एक परवडले. पण त्याच्या गणिती कंसात ३,८ दिले तर तो शांतपणे ८ हे उत्तर देतो! कारण तिथे स्वल्पविरामाचा अर्थ ‘पहिले करून झाले, आता दुसरे कर आणि त्याचे उत्तर सांग’ असा आहे. ऑक नावाचा तक्ते वाचणारा कारकून ‘सी’ रिवाजात ३,८ चे सरळ ३ करतो, आणि प्रिंटएफसारखी तक्रारही करीत नाही. बीसी नावाचा गणकयंत्री कोणत्याही देशात बसवा, टिंबच मागतो. उलट सेक ही मोजणी करणारी आज्ञा जर्मन रिवाजात अर्धा, एक, दीड मोजताना स्वल्पविराम छापते. म्हणजे सेकने मोजलेले बीसीच्या हाती दिले की घरातल्या घरात भांडण!

यातून जी तोड निघाली ती कोणत्याही जुन्या संसारी बाईला ठाऊक असलेलीच आहे. स्वयंपाकघरात एकच माप ठेवावे. पाहुण्याला मात्र त्याच्या पानात, त्याला आवडेल तसे वाढावे. स्क्रिप्टच्या आत, आज्ञांच्या आपापसातल्या बोलण्यात, रिवाज एकच: ‘सी’, म्हणजे टिंब. तो गृहीत धरायचा नाही, तर स्क्रिप्टच्या आरंभीच लिहून टाकायचा. म्हणजे दिवसा नातू चालवो की रात्री क्रॉन, दोघांचे घर एकच. बाहेरून आलेला जर्मन आकडा दारातच आपल्या रूपात आणायचा: आधी हजारांची टिंबे काढायची, मग स्वल्पविरामाचे टिंब करायचे. हा क्रम चुकवायचा नाही. आधी स्वल्पविरामाचे टिंब केले आणि मग सगळी टिंबे काढली, तर १.२३४,५ चे १२३४५ होतात! आणि जो आकडा ठरल्या साच्यात बसणार नाही, त्याला आत घेऊन गोंजारायचे नाही. तिथेच थांबून मोठ्याने ओरडायचे. शेवटी छापताना तिथल्या डॉक्टरांच्या कागदावर स्वल्पविराम, इथल्या डॉक्टरांच्या कागदावर टिंब.

त्यातही एक मेख आहे. रिवाज ठरवणाऱ्या नावांत एलसी-ऑल हा घरातला कर्ता पुरुष. तो बोलला की एलसी-न्यूमेरिकचे कोणी ऐकत नाही. पण कर्त्याला ‘सी’ म्हणायला लावले तर आकडे सुधारतात आणि अक्षरे बिघडतात. मराठी नावातले ‘आ’ किंवा ‘का’ हे त्याला अक्षर न वाटता अनोळखी तुकडे वाटू लागतात. म्हणून जिथे नावे आणि आकडे एकत्र नांदतात, तिथे कर्त्याला गप्प बसवून फक्त आकड्यांच्या कप्प्याला ‘सी’ सांगावे. आमच्या तक्त्यात आक्काचे नाव देवनागरीत होते. आम्ही तेच केले.

नातवाने मग विचारले, ‘‘पण मामाआजोबा, बरोबर कोण? आपण की जर्मन?’’

प्रश्न बाळबोध असला तरी तो मोठमोठ्यांनी सोडवायचा प्रयत्न केलेला आहे. वजनमापांच्या जागतिक परिषदेपुढे १९४८ साली हा विषय होता, आणि २००३ साली तो पुन्हा आला. सगळे जग मीटर आणि किलोग्रॅमवर एकमत करणारी ही परिषद. तिने काय ठरवले? दशांशचिन्ह टिंब असावे किंवा स्वल्पविराम असावा! दोन्ही चालतील. फक्त एक पथ्य सांगितले: मोठ्या आकड्यांचे तीन-तीनांचे गट करताना मधे नुसती मोकळी जागा सोडा, तिथे टिंबही नको आणि स्वल्पविरामही नको. पहिल्याने वाचले तेव्हा मला हा निकाल गुळमुळीत वाटला. आता तो शहाणपणाचा वाटतो. कोणाची शतकांची सवय मोडायची नाही, पण एका खुणेला दोन कामे द्यायची नाहीत.

कारण खरा धोका दोन रिवाज असण्यात नाही. आपला रिवाज हाच एक रिवाज, असे न बोलता धरून चालण्यात तो आहे. नातवाची स्क्रिप्ट त्याच्या खिडकीत अगदी बरोबर होती. ती चुकली ती, आपण कोणत्या गावचे हे तिने कोठेही लिहिले नव्हते म्हणून. आणि अशी चूक मोडतोड करीत येत नाही. ती नीटनेटक्या तक्त्यात, सरळ रेषेत, टिंबापुढे एक गोंडस शून्य घेऊन येते. ध चा मा करणाऱ्याला निदान शाईचा डाग पडण्याचे भय असते; इथे कागद अधिकच स्वच्छ दिसतो.

म्हणून मला आपल्या जुन्या पत्रांची रीत फार सयुक्तिक वाटते. मजकुराला आरंभ करण्यापूर्वी कागदाच्या डोक्यावर गाव आणि तिथी लिहायचीच, मग पत्र शेजारच्या वाड्यात जायचे असो की काशीला. वाचणाऱ्याला आधी कळले पाहिजे, की हे बोलणे कोठून आले आहे. मग त्यातल्या दांड्या, टिंबे आणि मात्रा त्याला आपोआप नीट लागतात. यंत्राला लिहिलेले पत्रही पत्रच. आकडा कितीही निर्विकार चेहरा करून समोर उभा राहिला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी घरी आलेल्या अनोळखी पाहुण्याला विचारतो तसे त्याला गोड आवाजात विचारावे, ‘बसा, आपण कोणत्या गावचे?’